सार्वजनिक जागेत मेटल डिटेक्टर वापरताना परवानगी आणि खोदकामाचा योग्य क्रम

सार्वजनिक जागेत मेटल डिटेक्टर वापरणाऱ्यांविरुद्ध ज्या तक्रारी होतात, त्यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ एका गैरसमजात असते. उद्यानाच्या कार्यालयातून ‘हो, फिरा’ एवढे उत्तर मिळाले की यंत्र घेऊन फिरण्याची, जमीन खोदण्याची आणि सापडलेली वस्तू घरी नेण्याची अशा तिन्ही परवानग्या मिळाल्या, असे गृहीत धरले जाते. वास्तविक हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे पुष्कळदा तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात आणि ‘हो, फिरा’ हे त्यांपैकी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर असते. दुसरी चूक क्रमाची. आधी यंत्र विकत घेतले जाते, मग जागा निवडली जाते आणि कोणी हटकल्यावर परवानगीचा विचार सुरू होतो. पुढील टप्पे याच्या उलट क्रमाने लावले आहेत आणि ते त्याच क्रमाने पार पाडावेत.

## टप्पा १: जमीन कोणाची आणि अधिकार कोणाचा

‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ ‘सर्वांना ये-जा करण्यास मोकळी’ एवढाच आहे. तिथे खोदण्याचा अधिकार सर्वांना आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. कोणत्याही मोकळ्या जागेबाबत तीन गोष्टी वेगवेगळ्या शोधाव्या लागतात: जमिनीची मालकी कोणाकडे आहे, तिची रोजची देखभाल कोण करते आणि तिला कायद्याने काही विशेष संरक्षण आहे का. नदीकाठच्या उद्यानाचे उदाहरण घेतले, तर हिरवळीची निगा नगरपालिका राखत असेल, काठाची जमीन जलसंपदा खात्याच्या ताब्यात असेल आणि त्याच आवारातील जुनी तटबंदी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल. अशा ठिकाणी नगरपालिकेचे पत्र हिरवळीपुरतेच चालते. पाच पावले पुढे गेल्यावर त्या पत्राला किंमत उरत नाही.

समुद्रकिनाऱ्यावर ही हद्द डोळ्यांना दिसतच नाही. भरतीच्या उच्च रेषेच्या वरची कोरडी वाळू एका यंत्रणेकडे आणि भरती-ओहोटीच्या दरम्यानचा ओला पट्टा दुसऱ्या यंत्रणेकडे असू शकतो. ब्रिटनमध्ये या ओल्या पट्ट्याचा मोठा भाग क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे) आहे, तर त्याला लागून असलेली कोरडी वाळू अनेक ठिकाणी स्थानिक परिषदेकडे किंवा खासगी मालकाकडे असते. म्हणूनच अर्जात ‘समुद्रकिनारा’ एवढेच न लिहिता नकाशावर रेषा आखून द्यावी.

या टप्प्यावर दोन चुका वारंवार होतात. पहिली, पहारेकऱ्याला किंवा माळ्याला विचारून निघणे. त्यांच्याशी नम्रपणे बोलणे आवश्यकच आहे, पण परवानगी देणे त्यांच्या हातात नसते आणि पुढे प्रश्न उद्भवला तर त्यांचीच नोकरी अडचणीत येते. दुसरी चूक म्हणजे मनाईची पाटी नाही म्हणून मोकळीक आहे असे समजणे. पाटी सहसा ज्या उपद्रवाची तक्रार आधी झालेली असते त्याचीच लावतात, आणि डिटेक्टरचा उल्लेख नसला तरी ‘जमिनीला, झाडांना किंवा हिरवळीला इजा करू नये’ हा सर्वसाधारण नियम बहुतेक उद्यानांना असतोच.

तपासणी: मालक यंत्रणेचे नाव, देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, नकाशावर आखलेली हद्द आणि संरक्षित असण्या-नसण्याची खात्री, या चार गोष्टी कागदावर उतरल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे वळू नये.

## टप्पा २: लागू असलेला कायदा वाचणे

जमिनीचा मालक ‘हो’ म्हणाला तरी कायद्याचा ‘नाही’ त्याच्या वर राहतो. हे नियम देशागणिक इतके बदलतात की एका देशातील सवय दुसऱ्या देशात थेट गुन्हा ठरू शकते.

भारतात १९५८ च्या प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय उत्खनन करण्यास मनाई आहे आणि ही मनाई जमिनीच्या मालकालाही लागू आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा याहून जुना आणि अधिक व्यापक आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण आणि दिनांक यांची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. दहा रुपयांची ही मर्यादा आज जवळजवळ प्रत्येक वस्तू ओलांडते, हे लक्षात ठेवलेले बरे. शिवाय १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती आणि इतर कलावस्तू पुरावस्तू मानल्या जातात आणि त्यांच्या विक्रीवर व देशाबाहेर नेण्यावर निर्बंध येतात.

इंग्लंडमध्ये अनुसूचित (कायद्याने संरक्षित यादीतील) स्मारकाच्या जागी हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जतन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या लेखी संमतीविना डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा आहे. खोदले नाही, हा बचाव तिथे चालत नाही. तिथल्या १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार ठेव्यासारखी वस्तू सापडल्यास १४ दिवसांच्या आत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला) कळवावे लागते. स्कॉटलंडचा नियम आणखी वेगळा असून तिथे मालक ज्ञात नसलेल्या जुन्या वस्तूंवर राजसत्तेचा हक्क असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये डिटेक्टर वापरण्यास, इतकेच नव्हे तर वापरता येईल अशा स्थितीत जवळ बाळगण्यासही मनाई आहे, आणि १९७९ च्या कायद्याने संघीय भूमीवरील शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याविना काढता येत नाहीत. स्वीडनमध्ये डिटेक्टरसाठी प्रांतिक प्रशासनाचा परवाना आधी घ्यावा लागतो. डेन्मार्कमध्ये जमीनमालकाच्या संमतीने शोध घेता येतो, मात्र संरक्षित प्राचीन स्थळावर आणि त्याच्या सभोवती दोन मीटरच्या पट्ट्यात डिटेक्टर चालत नाही.

आपल्या देशाचा कायदा वाचताना तीनच शब्दांवर बोट ठेवावे: ‘शोध’, ‘उत्खनन’ आणि ‘ताबा’. या प्रत्येकासाठी नियम काय आहे, हे एकेका वाक्यात लिहून काढावे. सुरुवातीला सांगितलेले तीन प्रश्न ते हेच.

सावधान: युद्धभूमी, लष्करी सरावाची मैदाने, दफनभूमी आणि स्मृतिस्थळे यांसाठी अर्ज करण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे कायदा, धोका आणि लोकभावना हे तिन्ही एकत्र येतात.

## टप्पा ३: अर्ज लिहिणे

अर्ज फेटाळला जाण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे त्याची मोघम भाषा. ‘छंद म्हणून आपल्या उद्यानात डिटेक्टर वापरू इच्छितो’ असे वाक्य वाचले की अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर खड्ड्यांनी भरलेली हिरवळ उभी राहते, आणि नकार देणे त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित असते. त्याला होकार देणे सोपे जावे असा अर्ज लिहायचा असेल, तर त्याच्या मनातील प्रश्नांची उत्तरे त्याने विचारण्यापूर्वी द्यावी लागतात.

मजकूर साधारण असा असावा:

*महोदय/महोदया, सोबत जोडलेल्या नकाशावर आखलेल्या भागात, अमुक ते अमुक दिनांकांदरम्यान, सकाळी अमुक ते अमुक वेळेत, मी एकटा/एकटी मेटल डिटेक्टर वापरू इच्छितो/इच्छिते. त्यासाठी मला पुढील तीन बाबींवर स्वतंत्र लेखी उत्तर हवे आहे: (अ) डिटेक्टर घेऊन फिरण्यास परवानगी आहे का, (आ) हातातील लहान खुरप्याने जास्तीत जास्त १० सेंटिमीटर खोलीपर्यंत खोदून जागा पूर्ववत करण्यास परवानगी आहे का, (इ) सापडलेल्या आधुनिक आणि जुन्या वस्तू कोणाकडे, किती दिवसांत जमा कराव्यात. झाडांची मुळे, क्रीडांगणे आणि पाण्याच्या नळ्या यांपासून मी दूर राहीन. परवानगी कोणत्याही क्षणी रद्द करण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे.*

यातील शेवटचे वाक्य अनेकांना कमीपणाचे वाटते आणि ते गाळले जाते. माझ्या मते अर्जातील सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे, कारण परवानगी मागे घेता येते हे दिसले की ती देणे सोपे होते. पहिल्याच अर्जात संपूर्ण उद्यान मागू नये. एखादा कोपरा, मोकळ्या मातीचा पट्टा किंवा नव्याने भराव टाकण्यासाठी राखून ठेवलेली जागा मागावी. काही देशांतील डिटेक्टर संघटनांच्या सभासदत्वासोबत त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा मिळतो. तो असल्यास त्याची प्रत जोडावी.

उत्तर आले नाही तर एकदा स्मरणपत्र पाठवावे. मौनाला संमती मानून निघणे ही थेट अतिक्रमणाची सुरुवात असते.

## टप्पा ४: मिळालेले पत्र नीट वाचणे

पत्र हाती आले की आधी त्यातील ‘फक्त’, ‘वगळून’ आणि ‘पर्यंत’ हे शब्द अधोरेखित करावेत. अटी त्यांच्यातच असतात. अर्जात विचारलेल्या तिन्ही बाबींचे उत्तर मिळाले आहे का, ते पाहावे. खोदण्याबद्दल पत्र गप्प असेल तर खोदण्याची परवानगी नाही, असेच समजावे आणि पृष्ठभागावर दिसणाऱ्या वस्तूंवर समाधान मानावे किंवा पुन्हा लिहून विचारावे. वस्तूंबद्दल पत्र गप्प असेल, तर सापडलेले सर्व काही कार्यालयाला दाखवल्याशिवाय घरी जाऊ नये.

परवानगी व्यक्तीला मिळते. ती मित्राला, भावाला किंवा संपूर्ण गटाला आपोआप लागू होत नाही. त्याच खात्याच्या दुसऱ्या उद्यानातही ती चालत नाही, आणि गतवर्षीचे पत्र दाखवून यंदा काम भागत नाही. पत्राची छापील प्रत सोबत ठेवावी, कारण फोनची बॅटरी संपलेली असताना पहारेकऱ्याला काही दाखवता येत नाही.

तपासणी: जाण्याच्या आदल्या दिवशी जागेवरील कर्मचाऱ्याला वेळ कळवली आहे का? त्या दिवशी तिथे सामना, मेळावा किंवा फवारणी नाही ना?

## टप्पा ५: साधने आणि जमिनीची अवस्था

साधनांची यादी लहानच बरी: डिटेक्टर, हेडफोन, हातात धरायचा पिनपॉइंटर (वस्तूची नेमकी जागा दाखवणारे छोटे यंत्र), धारदार पात्याचे अरुंद खुरपे, माती ठेवण्यासाठी जाड कापड, पाण्याची बाटली, हातमोजे आणि दोन पिशव्या. एक पिशवी वस्तूंसाठी, दुसरी कचऱ्यासाठी. लांब दांड्याचे फावडे हिरवळीवर नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे; त्याने काम लवकर होत असले तरी ते दुरून पाहणाऱ्या प्रत्येकाला धोक्याची सूचना देते आणि खड्डाही गरजेपेक्षा मोठा पडतो.

जमिनीची अवस्था पाहण्याचा कंटाळा केला जातो आणि खरे नुकसान तिथेच होते. जमीन कोरडी ठणठणीत असताना गवत मुळांसह कापून परत बसवले, तर त्या दिवशी ते अगदी नीट दिसते. आठवड्याभराने मात्र तिथे पिवळा चट्टा उमटतो आणि तक्रार तेव्हा येते. जमीन चिखल झालेली असेल तर पावलांनीच तिची नासाडी होते. ओलसर पण घट्ट माती ही खोदण्यास योग्य अवस्था होय. दीर्घ कोरड्या काळात हिरवळीवरचे खोदकाम पूर्णपणे थांबवावे.

यंत्र सुरू केल्यावर त्या मातीसाठी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतील खनिजांचा परिणाम वगळणारी यंत्राची जुळणी, करून घ्यावा. संवेदनशीलता कमाल पातळीवर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण वीजवाहिन्यांजवळ आणि खनिजयुक्त मातीत त्यामुळे खोटे संकेत वाढतात आणि खोट्या संकेतांमुळे नाहक खड्डे पडतात.

सावधान: सलग रेषेत मिळत जाणारा संकेत बहुधा केबलचा किंवा नळाचा असतो. तिथे खुरपे लावू नये. उद्यानातील दिवे, कारंजी आणि तुषार सिंचनाची तोंडे यांच्या आसपासची जागा आधीच वगळावी.

## टप्पा ६: जागेवरचे वागणे

लोक नसतील अशी सकाळची वेळ निवडावी, पण अंधारात मुळीच जाऊ नये. रात्री डिटेक्टर घेऊन फिरणारा माणूस परवानगी असली तरी संशयास्पदच दिसतो. हेडफोन वापरल्याने यंत्राचा आवाज इतरांना त्रास देत नाही, मात्र एक कान मोकळा ठेवावा, म्हणजे मागून येणारी सायकल किंवा हाक ऐकू येते. खेळणारी मुले, बसलेली कुटुंबे आणि दुसरे शोधकर्ते यांच्यापासून अंतर राखावे. दोन डिटेक्टर जवळ आले की एकमेकांच्या संकेतांत व्यत्ययही आणतात.

कोणी ‘काय शोधताय?’ असे विचारले तर काम थांबवून, हेडफोन काढून उत्तर द्यावे आणि पत्र दाखवावे. विचारणारा अधिकारी नसला तरी तो त्या जागेचा तितकाच वापरकर्ता आहे. कर्मचाऱ्याने निघायला सांगितले तर पत्र खिशात असूनही निघावे. वाद कार्यालयात लेखी घालावा, मैदानावर नाही. जागेवर जिंकलेला वाद पुढच्या अर्जाच्या वेळी हरलेला ठरतो.

## टप्पा ७: खोदणे आणि बुजवणे

खोदण्यापूर्वी प्रत्येक संकेताला ‘हा खड्डा खरोखर आवश्यक आहे का’ हा प्रश्न विचारावा. पातळ सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमच्या डब्याची ओढकडी यांचे संकेत जवळजवळ सारखे येतात. त्यामुळे कड्या टाळण्यासाठी डिस्क्रिमिनेशन (नको असलेल्या धातूंचे संकेत गाळण्याची सोय) वाढवले की अंगठ्याही निसटतात आणि कमी केले की कड्या खणण्यातच दिवस जातो. मोकळ्या मातीत सर्व संकेत खणावेत, हिरवळीवर मात्र खड्ड्यांची संख्या आधीच ठरवून घ्यावी आणि काही अंगठ्या तिथेच राहतील हे मान्य करावे.

क्रम पुढीलप्रमाणे:

1. कॉइल (यंत्राच्या टोकाची गोल तबकडी) जमिनीला समांतर ठेवून संकेतावरून आडवी आणि मग काटकोनात उभी फिरवावी. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे वस्तू असते. हे न करता अंदाजाने खोदणे, हे मोठ्या खड्ड्यांचे मुख्य कारण आहे.
2. खुरपे लावण्याआधी पिनपॉइंटरने पृष्ठभाग तपासावा. तिथेच स्पष्ट संकेत मिळाला तर वस्तू उथळ आहे आणि खड्ड्याऐवजी लहानशी चीर पुरते.
3. शेजारी कापड अंथरावे. खोदलेली माती थेट गवतावर टाकली तर तिचा शेवटचा कण गोळा होत नाही आणि खड्डा नंतर खचतो.
4. खुरप्याने तीन बाजू कापाव्यात आणि चौथी बाजू न कापता बिजागरीसारखी ठेवावी. मुळांसकट मातीचा जाड थर त्या बाजूवर उलटावा. चारही बाजू कापून चकती बाहेर काढली तर ती पक्षी, कुत्री किंवा गवत कापण्याचे यंत्र सहज उपटून टाकते.
5. वस्तू थरात आहे की खड्ड्यात, हे पिनपॉइंटरने पाहावे. ती दिसल्यावर खुरप्याने उचकटू नये, बोटांनी माती सैल करावी.
6. वस्तू काढल्यावर खड्ड्यावरून कॉइल पुन्हा फिरवावी. दुसरी वस्तू नंतर लक्षात आली तर तीच जागा दुसऱ्यांदा कापावी लागते.
7. कापडावरील माती खड्ड्यात ओतून दाबावी, थर मिटवावा, पायाने घट्ट बसवावा आणि त्यावर पाणी द्यावे. गवताची पाती हाताने उभी करावीत.

परवानगीत दिलेली खोली गाठूनही संकेत खालीच असेल तर तिथेच थांबून खड्डा बुजवावा. ‘आणखी थोडेसे’ म्हणत खोली वाढवत नेणे हा नवख्यांचा सर्वांत चिवट दोष आहे आणि अस्पर्शित मातीचे जुने थर त्यानेच विस्कटतात. पुरातत्त्वज्ञांना वस्तूइतकेच, किंबहुना अधिक, ती कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी होती याचे मोल असते. एकदा विस्कटलेला थर परत मांडता येत नाही.

ओल्या वाळूत चीर उपयोगाची नाही. तिथे जाळीचे स्कूप, म्हणजे वाळू उचलून चाळणारे खोलगट साधन, वापरतात. वाळूतील खड्डाही मात्र लगेच भरावा, ‘भरती भरून टाकेल’ म्हणून सोडू नये. चालणाऱ्याचा पाय भरतीची वाट पाहत नाही.

तपासणी: दहा पावले मागे जाऊन वळून पाहावे. कुठे खोदले ते आपल्यालाच चटकन सापडत असेल, तर बुजवण्याचे काम अपुरे राहिले आहे.

## टप्पा ८: सापडलेल्या वस्तूंची व्यवस्था

अलीकडच्या काळातील किल्ल्या, अंगठी, फोन, घड्याळ या वस्तू हरवलेल्या असतात, सोडून दिलेल्या नसतात. त्या पत्रात नमूद केलेल्या कार्यालयाकडे किंवा पोलिसांकडे जमा करून पोचपावती घ्यावी. छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकून मालक शोधण्याचा प्रयत्न केल्यास खोटे दावेदारच आधी येतात. खूण सांगितल्याशिवाय वस्तू कोणाला दाखवूही नये.

जुनी वाटणारी वस्तू साफ करू नये. नाण्यावरचा हिरवट थर घासून काढण्याच्या उत्साहात अक्षरे कायमची पुसली जातात. वस्तूला चिकटलेली माती तशीच राहू द्यावी, जागेचे छायाचित्र घ्यावे, फोनवरील स्थाननिर्देशांक आणि खोली लिहून ठेवावी. एकाच जागी अनेक नाणी, भांड्यांचे तुकडे किंवा हाडे दिसली तर पुढे एक बोटही खोदू नये. जागा झाकून, कोणालाही न सांगता संबंधित अधिकाऱ्याला कळवावे. ‘सगळे नीट काढून मग नेऊन देऊ’ ही प्रामाणिक हेतूने केली जाणारी चूक आहे, पण कायद्याच्या आणि अभ्यासाच्या दोन्ही दृष्टींनी ती महागात पडते.

सावधान: तोफगोळा, बॉम्ब, काडतूस किंवा तसा आकार दिसला तर स्पर्श करू नये, हलवू नये, बुजवूही नये. खूण करून आल्या वाटेने मागे जावे, इतरांना दूर ठेवावे आणि पोलिसांना फोन करावा. दारूगोळा गंजलेला आहे म्हणून निकामी असतो, असे मुळीच नाही.

खिळे, झाकणे, पत्र्याचे तुकडे असा कचरा निघेल तेवढा सोबत नेऊन कचरापेटीत टाकावा. बुजवलेल्या खड्ड्यात तो परत टाकला, तर पुढच्या शोधकर्त्याला तोच संकेत मिळतो आणि तीच जागा पुन्हा कापली जाते.

## टप्पा ९: कार्यालयाला अहवाल

मुदत संपल्यावर परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला एका पानाचा अहवाल द्यावा, मागितला नसला तरी. त्यात तारखा, खोदलेल्या जागांचा अंदाजे नकाशा, जमा केलेल्या वस्तूंची यादी, पोचपावतीचा क्रमांक आणि बुजवलेल्या जागांची दोन-तीन छायाचित्रे असावीत. नेलेल्या कचऱ्याचाही उल्लेख करावा, विशेषतः काचेचे किंवा धारदार पत्र्याचे तुकडे सापडले असतील तर, कारण मुले खेळतात त्या जागेविषयीची ही माहिती अधिकाऱ्याच्या थेट उपयोगाची असते. एखादी जागा खचली किंवा गवत पिवळे पडले तर ते स्वतःच कळवावे आणि दुरुस्तीची तयारी दाखवावी. पुढच्या वेळी मोठा भाग मागायचा असेल, तर नव्या अर्जाला हाच अहवाल जोडावा.